आवडलेलं औषध

कल्याणीला नागीण उठली होती ती बरी झाली, पण बरगडीखालची आग चौदा महिने झाले तरी गेली नव्हती. कुर्त्याचं कापड घासलं तरी ती कळवळायची. दुखण्याच्या गोळ्यांनी झोप यायची, आणि बर्मिंगहॅमच्या एका कंपनीसाठी घरून मशीनची ड्रॉइंग्ज तपासायचं तिचं काम. डुलक्या घेऊन चालणार नव्हतं. शेवटी एका प्रायव्हेट क्लिनिकच्या डॉक्टरबाईंनी तिला वेगळंच औषध लिहून दिलं.

"गांजाच ना हा?" कुरिअरने आलेली डबी उघडत तिने नवऱ्याला विचारलं.

"लेबलवर फ्लॉवर, म्हणजे फूल, असं लिहिलंय," इंद्रजित म्हणाला. "पण हो. गांजाच. इथे इंग्लंडमध्ये डॉक्टरांनी लिहून दिला तर चालतो."

डॉक्टरबाईंनी सगळं समजावलं होतं. ही जात गांजाच्या सॅटिव्हा या प्रकाराकडे झुकणारी, उष्ण प्रदेशातली. झोप आणत नाही, म्हणून दिवसा घ्यायची. पेटवायची नाही, व्हेपरायझरमध्ये गरम करून नुसती वाफ घ्यायची.

रविवारी सकाळी अकराला किचनमध्ये उभं राहून तिने पहिली वाफ घेतली.

"अननस," ती म्हणाली. "नाही, कैरीचा चीक. थांब, आता लिंबाची साल लागतेय." मग घशाला मिरी झोंबल्यासारखी झाली आणि तिला ठसका लागला.

दहा मिनिटं काहीच झालं नाही. मग छातीत इतकं धडधडायला लागलं की ती घाबरून खाली बसली. इंद्रजितने पाणी दिलं. धडधड ओसरली तेव्हा तिच्या लक्षात आलं, की आपण दुखऱ्या बाजूनेच कपाटाला टेकलोय. दुखत होतं, पण तिकडे लक्षच जात नव्हतं. ती उठून कोबी चिरायला लागली आणि बोलत सुटली. तास उलटला असेल असं वाटून तिने घड्याळ बघितलं, तर नऊ मिनिटं झाली होती.

"मी आत्ता काय सांगत होते?"

"फ्रिजबद्दल काहीतरी."

"फ्रिजबद्दल काय सांगणार मी?"

दोघंही हसत सुटले. नागीण झाल्यापासून ती अशी हसलीच नव्हती.

तीन वाजता त्यांच्याकडे बुद्धवंदनेला आठ जण आले. सत्तरीचे बबनकाका पंचशील सांगत होते, बाकीचे मागून म्हणत होते. चार शीलं नीट झाली. पाचवं, नशेच्या पदार्थांपासून दूर राहण्याचं, तिने लहानपणापासून हजारदा म्हटलं होतं. आज शब्द आलेच नाहीत. आपण विसरलो की जीभ रेटत नाहीये, हेच तिला कळेना.

चहाच्या वेळी तिने काकांना किचनमध्ये गाठलं आणि सगळं सांगून टाकलं.

"माझं शील मोडलं का, काका?"

"अगं, औषध ते. माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मलाही मॉर्फिन दिलं होतं. त्याने शील मोडतं होय?"

"पण मला आवडलं ना. चव आवडली, हसले ते आवडलं. तुम्हाला मॉर्फिन आवडलं होतं?"

काकांनी कप खाली ठेवला. "आवडलं होतं," ते हळूच म्हणाले. "कुणी विचारलं नाही, म्हणून बोललो नाही."

"मग?"

"मग मलाही माहीत नाही, पोरी."

सोमवारी तिने क्लिनिकला फोन लावला. दुखणं थांबेल पण मजा येणार नाही, असं काही मिळेल का?

डॉक्टरबाई गोंधळल्या. "म्हणजे तुम्हाला बरं वाटतंय, ही तक्रार आहे?"

कल्याणीला पाचवं शील इंग्रजीत समजावता येईना. तिने दोनदा प्रयत्न केला, सॉरी म्हणाली, आणि शेवटी डोस निम्मा करायचं ठरलं.

निम्म्या डोसावर आग निम्मीच उतरली. खुर्चीला टेकून सलग दोन तास ड्रॉइंग्ज बघता येऊ लागली, एवढं झालं.

"पूर्ण घे ना," इंद्रजित म्हणायचा. "सहन कशाला करतेस?"

एखाद्या शनिवारी ती घ्यायचीही. पण दुखतंय म्हणून घेतलं, की नुसतं घ्यावंसं वाटलं, हे तिचं तिलाच कळायचं नाही.