तिसरं कोटेशन

लातूरला गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत तय्यबभाईंचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. त्यांची थोरली मुलगी जाहिदा नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या कॉलेजातून इंजिनिअर होऊन आली आणि तिनं त्याच दुकानात सोलारचं काम सुरू केलं. फर्मला नाव दिलं वडिलांचंच, तय्यब सोलार वर्क्स. जोडीला विरूपाक्षकाका होते. औशाचे, वीस वर्षं त्यांनी तय्यबभाईंच्या हाताखाली कॉइल भरल्या होत्या. माणसं जमवणं, खांब उभे करणं, ऑफिसांच्या चकरा मारणं हे त्यांच्याकडं. डिझाइन आणि सह्या जाहिदाकडं.

सात वर्षं ते मोठ्या ठेकेदारांची पोटकामं करत आले. सरकारी रस्त्यांवर दिवे यांनी लावायचे आणि बिल दुसऱ्यानं उचलायचं. यंदा जाहिदानं ठरवलं, नांदेडच्या ऊर्जा कार्यालयात थेट पुरवठादार म्हणून नोंदणी करायची.

"पण फॉर्म भरायच्या आधी त्यांचा खर्च कसा होतो ते बघते," ती म्हणाली.

"त्यात बघायचं काय हाय?" विरूपाक्षकाका म्हणाले. "डिपॉझिट भरायचं, मोकळं व्हायचं."

"नवं गिऱ्हाईक कसंय ते आपण बघतोच की, काका."

 काका पान्हा शोधायला आत गेले.

कार्यालयाच्या संकेतस्थळावर तीन वर्षांचे कार्यादेश होते, सव्वातीनशेच्या वर. कागद वेडेवाकडे स्कॅन केलेले, काही तर उलटे. जाहिदानं ते एकेक करून कॉम्प्युटरवर उतरवून घेतले. तिला साध्याच गोष्टी हव्या होत्या. हे लोक काय घेतात, काय भावानं घेतात, कितीजणांकडून घेतात. आपला दिवा त्यात बसेल का.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिचं जेवणावरचं मन उडालं. एकाच बनावटीचा दिवा एका महिन्यात साडेअकरा हजाराला घेतला होता आणि पुढच्या महिन्यात चोवीस हजाराला. एका गावाच्या तीस दिव्यांचं काम सहा तुकड्यांत तोडलं होतं. ठरावीक रकमेच्या वर काम गेलं की उघडी निविदा काढावी लागते. त्याच्या आत असलं की तीन बंद कोटेशनं पुरतात. सहाही तुकडे त्या रकमेच्या चार-पाचशे रुपये आत होते. ज्या पाच फर्मना बहुतेक कामं गेली होती, त्यातल्या तिघींचा फोन नंबर एकच होता. लपवायची तसदीसुद्धा कुणी घेतली नव्हती. चोरीपेक्षा तिला याचीच जास्त किळस आली.

एका ओळीपाशी ती थांबली. रेणापूर तालुक्यातली एक वस्ती, नऊ दिवे, 'दुरुस्ती व बॅटरी बदल', एकाच वर्षात तीनदा. ती बॅटरी पाच वर्षं चालते. जाहिदानं स्कूटर काढली.

वस्तीत नऊ खांब होते. पाचांवर पॅनल होते, दिवा एकावरही नव्हता. एका खांबाच्या बॅटरीचा डबा तारेनं बांधलेला होता. तिनं तो उघडला. आत गांधीलमाश्यांचं पोळं होतं.

"नको हात लावू, बाई," समोरच्या ओट्यावरून एक म्हातारी म्हणाली. त्या केवळाबाई. जाहिदाला त्यांनी पाणी दिलं.

"हे दिवे कधी लागत होते, मावशी?"

"बसवल्यावर पंधरा दिस उजेड व्हता. मग दुरुस्तीला म्हनून डब्यातलं काढून नेलं."

"कधी?"

"नातीच्या बारशाच्या टायमाला. आता ती साळंत जाती."

"त्याच्यानंतर कुणी आलंच नाही?"

"येतेत की. फोटो काढायला येतेत. मला खांबापाशी हुबं ऱ्हा म्हनतेत, आन् कागदावर आंगठा घेतेत. फोटो वर गेला की लाईट येती म्हनले."

"किती वेळा घेतला अंगठा?"

"तीनदा आले बघ. दर बारीला निळं लुगडं नेसून हुबी ऱ्हायले म्या. सरकारात फोटो जायचा म्हनल्यावर चांगलं दिसाया पायजे."

 जाहिदानं पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि ती निघाली.

माहितीच्या अधिकारात अर्ज टाकून तिनं फायली बघायला मागितल्या. दीड महिन्यानं तारीख मिळाली. नांदेडच्या कार्यालयात रेवणप्पा नावाचे लिपिक होते. गालात तंबाखू, आवाज मऊ. जिन्याचे कोपरे छातीइतक्या उंचीपर्यंत लाल झालेले आणि हे गृहस्थ तिथूनच तिला अदबीनं वर घेऊन गेले. तिच्यासाठी त्यांनी फडक्यानं टेबल पुसलं.

"मॅडम, अर्ज कशाला टाकला? फोन केला असता तर मीच दाखवलं असतं. तुम्ही तर आपल्याच."

"आपल्याच म्हणजे?"

रेवणप्पांनी रेणापूरच्या वस्तीची फाईल उघडली आणि तुलनात्मक तक्ता तिच्यापुढं सरकवला. कामासाठी आलेली तीन कोटेशनं त्यात एकाखाली एक लिहिलेली होती. सगळ्यात कमी भावाच्या फर्मला काम गेलं होतं. दुसरी त्या फर्मच्याच मालकाच्या नात्यातली. तिसरी, सगळ्यात महाग, तय्यब सोलार वर्क्स, लातूर.

"तुमचं नेहमी तिसरं असतंय," रेवणप्पा म्हणाले. "टायमावर येतंय, खाडाखोड नसती. लई सोय होती आमची."

तिनं पान उलटलं. तिच्याच फर्मचं लेटरहेड होतं. वर तिनं स्वतः काढलेला छोटा सूर्य, खाली शिक्का, शिक्क्यावर सही. सही खोटी असेल या आशेनं तिनं ती खिडकीपाशी नेऊन पाहिली. खोटी नव्हती.

तिला आठवलं. मार्चच्या घाईत काका कोऱ्या लेटरहेडचा गठ्ठा घेऊन साइटवर यायचे. वॉरंटीची पत्रं हायेत, मजकूर मी टाइप करून घेतो, म्हणायचे. ती टेम्पोच्या बॉनेटवर ठेवून भराभरा सह्या करायची, कधी फोन कानाला लावूनच. एकदाही विचारलं नव्हतं, एवढ्या वॉरंट्या कुणाला द्यायच्या आहेत.

त्या दिवशी तिनं एकतीस फायली पाहिल्या. एकतिसांतही तिसरं कोटेशन तिचंच होतं. केवळाबाईंचा अंगठा आणि तिची सही एकाच फाईलमध्ये, एकाच दोऱ्यात ओवलेली. दोघींत फरक एवढाच की जाहिदाला वाचता येत होतं.  तोंड धुवायला ती खालच्या बेसिनपाशी गेली, पण थुंकीनं लाल झालेलं बेसिन बघून तशीच बाहेर पडली.

लातूरला उतरून ती सरळ दुकानात गेली. विरूपाक्षकाका पॅनल पुसत होते. तिनं झेरॉक्सा समोर ठेवल्या. त्यांनी वरचा कागद पाहिला आणि फडकं बाजूला ठेवलं.

"समदेच देतेत," ते म्हणाले. "एक कागद तर हाय. आपण काय पैसा घेतला का त्याचा?"

"मग कशाला दिलात?"

"पोटकामं कुठून यायली होती, जाहिदा? सात वर्षं? तुझा दिवा चांगला म्हणून? तय्यबभाईंचं ऑपरेशन झालं त्या साली तीन कामं एकदम आली. तू म्हणली, नशीब. मी म्हणलो, हाव, नशीब."

"मला सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर तू सही केली न्हसती. मग दुकान बंद. चार पोरं कामाला हायेत."

 या माणसानं तिला लहानपणी खांद्यावर बसवून गोलाईतला बाजार दाखवला होता. आज त्यांच्याकडं बघताना तिला किळस वाटत होती. आणि त्यांच्या आणलेल्या कामांवर आपण सात वर्षं जेवलो, याची त्याहून जास्त.

घरी तिनं अब्बांना सगळं सांगितलं.  तय्यबभाईंनी एवढंच विचारलं, "सही तुझीच आहे ना?"

"हो."

"मग तक्रारीत तसंच लिही. फसवलं म्हणून लिहू नको. न बघता सही केली म्हणून लिही."

तिनं तसंच लिहिलं. सगळा तक्ता जोडला, तुकडे केलेली कामं, एक फोन नंबर, वस्तीचे फोटो, एकतीस कोटेशनं. एक प्रत कार्यालयाला, एक वरच्या दक्षता पथकाला. तक्रार पोहोचल्याच्या आठवड्यात विरूपाक्षकाकांनी दुकानाची किल्ली तय्यबभाईंच्या हातात दिली आणि ज्याच्यासाठी ही कोटेशनं जात होती त्याच मोठ्या ठेकेदाराकडं सुपरवायझर म्हणून लागले. जाताना जाहिदाशी बोलले नाहीत. अब्बांच्या मात्र पाया पडले.

पाच महिन्यांनी निकाल आला, दीड पानाचा. तय्यब सोलार वर्क्सनं संगनमतानं कोटेशनं दिल्याचं स्वतःच कबूल केलं असल्यानं फर्म तीन वर्षांसाठी काळ्या यादीत. संबंधित लिपिकाला समज. इतर फर्मांविरुद्ध पुरावा अपुरा. वस्तीतल्या नऊ दिव्यांबद्दल एकच ओळ होती: दुरुस्तीची कार्यवाही प्रस्तावित.

जाहिदानं ते दोनदा वाचलं. आपल्याबद्दलची ओळ खरी होती, त्यात तिला भांडायला जागा नव्हती. बाकीचं वाचताना मात्र ओला उंदीर हातात धरल्यासारखं होत होतं.

सरकारी कामं गेली तशी पोटकामंही गेली. चारांतली दोन माणसं तिला सोडावी लागली. खासगी कामं शोधत ती निलंगा, उदगीरपर्यंत जायला लागली. एका डाळमिलच्या छपरावर पॅनल बसवण्याचं काम मिळालं, घासाघीस करून भाव पाडलेलं. छपरावर पट्टी लावून ती माप घेत होती तेव्हा फोन आला. रेवणप्पा होते.

"मॅडम, राग धरू नका. नव्या आर्थिक वर्षाची कामं निघायलीत. तुमची फर्म गेली यादीत, तुम्ही थोड्याच गेलात? घरच्या कुणाच्या नावानं दुसरी काढा. तुमच्यासारखी स्वच्छ कागदपत्रं कुणाचीच नसतात बघा."

 जाहिदानं फोन बंद करून तो ओढणीला पुसला, पट्टी पुन्हा पत्र्यावर टेकवली आणि खाली उभ्या माणसाला माप सांगितलं.