ईखा

टँकरची वाट पाहत शहादेव लिंबाच्या सावलीत बसला होता, तेवढ्यात खिशातला फोन वाजला. नंबर परदेशातला. उत्पला याच नंबरावरून बोलायची. त्याने फोन कानाला लावला.

“ईखा?” पलीकडून म्हाताऱ्या बाईचा आवाज आला.

त्याने फोन बंद करून टाकला.

“कुनाचा व्हता भाऊ?” रांगेतून शेजारच्या साखराबाईने विचारले.

“राँग नंबर.”

नंबर चुकलेला नव्हता. दुष्काळात गावची जनावरे गेली, मागोमाग सहकारी दूध सोसायटीही बंद पडली. शहादेवने उभा जन्म तिथे दूध मापण्यात घालवलेला. त्याची एकुलती एक लेक उत्पला नर्सिंग शिकली होती. ती स्पेनला एका एकट्या म्हातारीच्या देखभालीला गेली. दर रविवारी तिथल्याच फोनवरून ती बापाशी बोले. एकदा बोलता बोलता मागून हाक ऐकू आली.

“ईखा म्हंजी काय गं?”

“लेक, दादा. त्यांच्या भाषेत.”

शहादेवला ते झोंबले. “तिची लेक कावून तू? बाप जित्ता हाय की तुजा.”

उत्पला खळखळून हसली. “कुनाच्याबी पोरीला म्हनतेत ओ. आपल्या हापशावर म्हाताऱ्या म्हनत न्हाईत का, ‘सरक गं माय’? तसंच. जेव ईखा, झोप ईखा. म्हातारी सकाळचं दुपारी इसरती. ह्या फोनच्या पयल्या बटनावर तुमचा नंबर हाय, तेवढंच दाबती, अन् मला हाक मारती. तुमी म्हना बरं. ख घशातून काढा.”

“जाय गं तिकडं. लाज वाटती मला.”

पण नंतर रिकाम्या गोठ्यात उभे राहून त्याने तो शब्द घोकला. म्हातारपणी जीभ वळेना. वळली, तेव्हा तो रविवारची वाट पाहू लागला. त्या रविवारच्या आतच उत्पलाला रस्त्यात गाडीने उडवले. शेवटचे सारे तिकडेच झाले. बापाकडे पासपोर्टही नव्हता.

फोन पुन्हा वाजला.

“ईखा?”

म्हातारीला कुणी सांगितले नसेल का? सांगितले असेल. रोजच सांगत असतील, आणि ती रोज विसरत असेल. आपल्यालाही असे विसरता आले असते तर, असे शहादेवला वाटले आणि वाटल्याचीच त्याला शरम आली.

“ईखा न्हाई ऱ्हायली, माय,” तो हळूच म्हणाला. ख घशातून निघाला.

म्हातारीला त्यातला एकच शब्द कळला. ती खुलली. भरभरून बोलू लागली. मध्येच हसली, मध्येच काहीतरी विचारून थांबली. शहादेव म्हणाला, “हूं.” ती पुन्हा बोलू लागली.

टँकर आला. रांग मोडली, भांडी आदळू लागली.

“भाऊ, पानी आलं! उठा की,” साखराबाई ओरडली.

शहादेवने हात वर करून तिला थांबायची खूण केली. फोन त्याने कानापासून काढला नाही. साखराबाईने त्याच्या तोंडाकडे पाहिले, आणि आपली घागर बाजूला सारून त्याची पाइपाखाली धरली.