कलमाची वीत

"उकर, मूळ लागेपावतर उकर," यशवंतराव म्हणाले. "आज कोनाचा हात ते सापडल्याबिगर इथून कोनी हालनार नाई."

मी गुडघ्यांवर बसून झाडाच्या बुंध्याची माती उकरू लागलो. सावरगावच्या बापूजींची संत्र्याची बाग. सत्त्याऐंशी साली पहिला बहार धरला, आणि कित्येक झाडांवर काय लटकलेलं, तर जंबेरी! पिवळी, खरबरीत, दात आंबवणारी. जंबेरीच्या रोपाच्या सालीत संत्र्याचा डोळा, म्हणजे फांदीवरचा अंकुर, भरून आम्ही कलम करतो. डोळा जळाला तर खालून जंबेरीचाच फुटवा येतो, तो ज्यानं डोळा भरला त्यानंच खुडून टाकायचा असतो. इथं कोणीतरी तोच डोळ्याचा कोंब समजून वाढवला होता. जंबेरी जोमानं फोफावते, म्हणून बापूजी इतकी वर्षं हीच झाडं पाहुण्यांना कौतुकानं दाखवत होते. आता त्यांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

कलमं सौंसरची, यशवंतरावांच्या रोपवाटिकेतली. तिथं सुरी चालवणारे दोघंच. एक मी, गुणवंता. दुसरे मोतीरामदादा, ज्यांनी मला सुरी धरायला शिकवलं. डोळ्यावर प्लास्टिकची पट्टी बांधायला दादांची बायको, चंद्रकलावहिनी. तिघांनाही मालकांनी सकाळीच जीपमध्ये बसवून जाम नदीपलीकडे आणलं होतं.

"ज्याचा हात निघन, त्यानं उद्यापासून सुरी धरायची नाई," त्यांनी वाटेतच बजावलं होतं. डोळे भरायचा हंगाम तोंडावर आलेला.

हात ओळखणं तसं सोपं. मी डोळा मुळापासून मूठभर उंचीवर भरतो, दादा वीतभर. खोड कितीही जाड झालं तरी ती खूण वर सरकत नाही. मालकांनी आधी नांग्या भरलेली, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागी मागाहून लावलेली झाडं बाजूला काढली. ती दुसऱ्या सालची होती. मग मुठीवरची माझी झाडं पाहिली. एकावरही जंबेरी नव्हती. मी हुश्श केलं आणि पुढच्याच क्षणी मनातून मेलो, कारण आता दादाच उरले होते.

"मोतीराम, लाव तुही वीत."

दादा वाकले. त्यांचा हात आधी खोडाच्या बाजूनं हवेत गेला, मग चाचपत खोडावर आला. अंगठा मुळाशी ठेवून त्यांनी पंजा ताणला. जळक्या डोळ्याची चीर नेमकी करंगळीच्या टोकाशी. वर जंबेरी. दुसरं झाड, तेच. तिसरं, तेच. बापूजी प्रत्येक झाडाला "पाहा, पाहा" म्हणत होते. चुप बसायला काय झालं होतं त्यांना!

मग एक झाड लागलं, संत्र्यांनी वाकलेलं. तिथं खूण दादांच्या वितीच्या दोन बोटं खाली निघाली.

"आन हे कोनाचं?" मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. खरंच ठाऊक नव्हतं.

"माहं," मागून वहिनी बोलल्या. पदर कमरेला खोचून त्या पुढं आल्या. "यायले ताप होता तवा सुरी मी चालवली. बिघडली तेवढी सारी माहीच, मालक. मले काढा. यायचा हात साफ हाये."

"बाईच्या हाती सुरी?" मालक उसळले. "काहून दिली रे, मोतीराम?"

"तरीच म्हनलं!" बापूजी म्हणाले.

झालं. दादांनी फक्त गप्प राहायचं होतं. सुरी वाचली असती, नाव वाचलं असतं. बायकोनं स्वतःहून मान पुढं केली होती. बोलू नका, दादा, बोलू नका, असं मी मनात घोकत होतो. वहिनींची नजरही तेच सांगत होती.

"चंद्रकले, इकडं ये," दादा म्हणाले.

त्यांनी वहिनींचं मनगट धरलं आणि पंजा जंबेरीच्या झाडाशी ठेवला. "तान."

"राहू द्या न जी..."

"तान म्हनतो!"

वहिनींची वीत चिरेपर्यंत पोचलीच नाही. दादांनी त्यांना संत्र्याच्या झाडाशी नेलं. तिथं ती बरोबर बसली.

"गोड ते तिचं, मालक. आंबट ते माहं," दादा म्हणाले. "डोळ्यांपुढं जाळं आलं, तवापासून अर्धं काम तीच करून राहिली. मले वाटे, जंबेरी कोनती न संत्रा कोनता, बोटाले समजते. नाई समजत, बापा. मी लपवलं."

वहिनी तोंडाला पदर लावून रडत होत्या. मालक जीपकडे गेले, परत आले. शेवटी बापूजीच खाकरले. "नवी कलमं देसान, तं मले हिच्या हातचीच पायजे."

दादांनी कमरेची सुरी काढून मालकांपुढं धरली. मालकांनी वहिनींकडे बोट दाखवलं. सुरी वहिनींच्या हाती देऊन दादा म्हणाले, "मले पट्टी बांधाले ठेवसान का, मालक?"

"ठेवतो," मालक म्हणाले.

हंगाम सुरू झाला. वहिनी रोपासमोर उकिडव्या बसून साल उकलत, डोळा सरकवून पुढच्या रोपाकडे जात. मागून दादा पट्टी बांधत येत. पहिल्याच दिवशी वहिनी वळल्या, दादांच्या गाठीला बोट लावून पाहिलं.

"ढिली हाये जी. खोलून बांधा."

मी मान खाली घातली. दादांनी गाठ चाचपली, सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली.