नाकातला फवारा आणि सिरीनचा पहिला रोजा

लहान मुलांना सुई टोचून झोपवू नका, नाकात औषधाचा फवारा मारा, हे पटवण्यासाठी नर्स वसीलाने स्फाक्स शहरातल्या इस्पितळात दोन वर्षांत सात अर्ज केले. पहिल्यावर डॉक्टर मोंजींनी शेरा मारला होता, 'मुले रडतातच.' सातवा मंजूर झाला, तो बहुधा आणखी अर्ज येऊ नयेत म्हणून.

आज फवाऱ्याचा पहिला दिवस. पेशंट आठ वर्षांची सिरीन. डोक्याचा एमआरआय काढायचा होता. मागच्या खेपेला सुईसाठी तिला चौघांनी धरलं होतं. त्यांतल्या दोघांना ती चावली होती. मोंजी मजा बघायला हजर.

"नाकात नाही," सिरीन म्हणाली. "माझा पहिला रोजा आहे. औषध घशात उतरलं की मोडतो. सुईने मोडत नाही. सुईच द्या."

वसीलाने फवाऱ्याचं पाकीट न फोडताच खाली ठेवलं.

"अगं, आजाऱ्याला सूट असते," आई काकुळतीला आली.

"मी आजारी नाहीये. नुसतं डोकं दुखतं."

"ऐकलंत, वसीलाबाई?" मोंजींनी सुईचा ट्रे पुढे सरकवला. "खुद्द पेशंटची मागणी."

सिरीनने भिंतीकडे तोंड करून हात पुढे केला. डोळे गच्च मिटले होते.

"ट्रे उचला, डॉक्टर," वसीला म्हणाली.

"अहो, तीच मागतेय!"

"मागू दे. मी देणार नाही." वसीला मुलीशेजारी बसली. "झोपवायचं कशाला, तर तू हलू नयेस म्हणून. वीस मिनिटं निपचित पडशील? आत ढोल बडवल्यासारखा आवाज होतो हं."

"पहाटेपासून पाण्याचा थेंब घेतला नाही मी. वीस मिनिटांचं काय सांगता, मावशी!"

"हलली तर सुई," मोंजींनी बजावलं.

"हलली तर ईदनंतर फवारा. सुई नाही."

वसीला तिचं पाऊल धरून यंत्रापाशी उभी राहिली. ढोल सुरू झाले. सोळाव्या मिनिटाला अंगठा जरासा वळवळला. अंगठा शहाण्यासारखा थांबला.

"एकदाही हलली नाही," पडद्याकडे बघत मोंजी म्हणाले, तक्रार केल्यासारखे.

सिरीन बाहेर आली ती ताठ मानेनं. "मावशी, तुमचा फवारा वाया गेला?"

"छे! उद्या तीन वर्षांचा यासीन येतोय. त्याचा रोजा नाही."

वसीलाने न फोडलेल्या पाकिटावर यासीनचं नाव लिहिलं, आणि ते मोंजींच्या डोळ्यांसमोर कपाटात पुढच्याच खणात ठेवलं.