माझा वावर नव्हे, माझं वावर

मित्रांनो, मी पुन्हा शेत झाले. माझा अर्थ मला परत मिळाला. सगळ्या भाषांत.

हे वाक्य कृपया विसरा. असे काहीही घडलेले नाही. मला अजून बराच राग काढायचा आहे, आणि जिंकलेल्याने दातओठ खाल्ले की ते बरे दिसत नाही.

तर, मी एक जुनी नोंद आहे. जुनी म्हणजे तीन वर्षांची. आमच्यात तीन वर्षांच्या नोंदीला वाकून नमस्कार करतात.

माझा जन्म नाशिकमध्ये, एका कॉलेजच्या संगणक खोलीत, रविवारी मिसळ संपल्यावर झाला. तिथे दहाबारा स्वयंसेवक जमले होते. जगभरातले असे हौशी लोक मिळून माहितीचा एक मोठा खुला साठा बांधतात. रीत सोपी आहे. प्रत्येक अर्थाला एक क्रमांक द्यायचा, त्या क्रमांकावर प्रत्येक भाषेतले नाव टांगायचे, आणि मग या क्रमांकाला तो क्रमांक जोडत जायचे. पगार नाही. कोणीही लिहू शकतो. कोणीही खोडू शकतो. तेव्हा मला हे फार उदात्त वाटले होते.

मला हर्षालीने लिहिले. ती मखमलाबादची, घरी फुलशेती. तिने लिहिले, ‘वावर: शेत. नपुंसकलिंगी. ते वावर.’ शेजारी सटाण्याचा वाल्मीक बसला होता. “आमनाकडे बी वावरच शे,” असे म्हणत त्याने अहिराणी नाव टांगले. महिनाभरात हिंदीतून खेत आले, गुजरातीतून खेतर, कन्नडमधून होला. मला बांध जोडला, विहीर जोडली, झेंडू जोडला. उत्तम नोंद म्हणून मला हिरवी खूण मिळाली. मी थोडी गर्विष्ठ झाले. नोंदीला दिवसभर उभे राहण्याशिवाय काम नसते, त्यामुळे गर्व करायला वेळ मिळतो.

मग काही मुलांनी आमच्या साठ्यावरून शेतीसल्ल्याचे एक ॲप तयार केले. शेतकऱ्याने फोनमध्ये बोलायचे, ॲप शब्दांचे अर्थ आम्हाला विचारणार, आणि तक्रार शेतीची असली तर जवळचा सल्लागार पाहायला येणार. हर्षालीची चुलती सिंधुबाई अर्ध्या एकरात झेंडू लावते. ती फोनला म्हणायची, “वावरात मावा पडलाय.” मी आतून सांगायची, वावर म्हणजे शेत. दुसऱ्या दिवशी माणूस हजर. दोन वर्षे हे असेच चालले. माझ्या आयुष्यातली ती सुखाची वर्षे.

मग रोहित आला.

रोहित गंगापूर रोडला सहाव्या मजल्यावर राहतो. त्याच्या नावावर अकरा हजार दुरुस्त्या आहेत. त्याने दिवाळीच्या साफसफाईसारखी मोहीम काढली होती: एकसारख्या दिसणाऱ्या नोंदी एकत्र करायच्या. त्याला माझ्याशिवाय आणखी एक ‘वावर’ सापडला. तो म्हणजे येणेजाणे, ऊठबस. ‘समाजात त्यांचा वावर असतो’ त्यातला. पुल्लिंगी. अत्यंत गुळगुळीत शब्द. मला तो कधीच आवडला नव्हता.

रोहितने आम्हा दोघांना एका क्लिकमध्ये एक केले आणि मराठी अर्थ त्या गुळगुळीताचा ठेवला. वर शेरा मारला, ‘एकच शब्द, दोन नोंदी कशाला?’ मला विचारले नाही. हर्षालीलाही नाही. नोंद म्हणून मी स्त्रीलिंगी, शब्द म्हणून नपुंसकलिंगी, आणि आता रोहितकृपेने पुल्लिंगीही झाले. एवढी लिंगे घेऊन मी कोणत्या तोंडाने बांधाला बांध म्हणू?

पुढचे पाहा. होला आणि येणेजाणे एकाच क्रमांकावर पाहून एका सज्जन कन्नड स्वयंसेवकाने विचारले, महाराष्ट्रात शेते हलतात का? उत्तर आले नाही, म्हणून त्याने काळजीपोटी मला ‘भूकंप’ या नोंदीला जोडून टाकले.

इथवर मी सहन केले असते. पण दसऱ्याला पंधरा दिवस उरले होते. सिंधुबाईचा झेंडू कळीवर होता. ती फोनला म्हणाली, “वावरात पाणी साचलंय, झेंडू बुडाशी कुजतोय. काय टाकू?”

फोन म्हणाला, “आपला वावर कमी करा. विश्रांती घ्या.”

सिंधुबाईने फोन कानापासून लांब धरला. “कमी करू? अर्धा एकर तर हाय! हे बी दलालाला मिळालेलं दिसतंय.”

“काकू, ते तसं नाय म्हणत,” हर्षाली म्हणाली.

“मंग कसं म्हणतंय? आन् ‘आपला वावर’ काय? धड बोलता येईना, निघालं जमीन कमी करायला!”

तक्रार शेतीऐवजी आरोग्यात गेली. सल्लागार आला नाही. चौथ्या दिवशी गुडघ्याच्या व्यायामाचा व्हिडिओ आला. दुकानदाराने अंदाजाने एक औषध दिले. अंदाज चुकला. एक सरी गेली.

हर्षालीने साठ्यात शोधले, तेव्हा मी भूकंपाशेजारी उभी दिसले. तिने चर्चेच्या पानावर आमची फारकत मागितली. नियमाप्रमाणे मुदत सात दिवस. तोवर कोणी हात लावायचा नाही. रोहितने लिहिले, “शेत हा अर्थ मी कधी ऐकला नाही. छापील पुरावा द्या.” हर्षालीने काकूचा आवाज रेकॉर्ड करून चढवला. रोहितने लिहिले, “आवाज छापील नसतो.” इकडे दुसरी सरी गेली.

मित्रांनो, नोंदीला हात नसतात. पण जोडण्या असतात. मी सूड घ्यायचे ठरवले.

रोहितने स्वतःच्या ओळखीत लिहिले होते, ‘साहित्य क्षेत्रात सहा वर्षे वावर’. हे पान दुसऱ्या भाषेत उघडले की यंत्र मलाच अर्थ विचारते. माझा मराठी अर्थ गेला होता, पण इतर भाषांतली नावे अजून टांगलेली होती. मी हिंदीत सांगितले: खेत. ‘साहित्य में छह वर्ष से खेत.’ गाव नाशिक. दुसऱ्याच दिवशी इंदूरच्या एका गृहस्थाचा त्याला निरोप आला, “भाईसाहब, प्याज भेजोगे क्या?” गुजरातीत मी सांगितले खेतर, तर सुरतेहून एकाने द्राक्षांची चौकशी केली. रोहित दोन दिवस सगळ्यांना लिहीत बसला की मी शेतकरी नाही. कोणी मानले नाही. त्यांनी छापील पुरावा मागितला.

सातव्या दिवशी त्याची आई छायाताई चहा घेऊन आली आणि पडद्यावरचे वाचत उभी राहिली.

“काय रे, वावर म्हणजे शेत नाय?”

“मम्मी, ते गावठी आहे. प्रमाण मराठीत वावर म्हणजे येणंजाणं.”

“बरं! मग आडगावला तुझ्या पप्पांनी काय विकलं? येणंजाणं? आणि आपण राहतो कशात, त्या येण्याजाण्याच्या फ्लॅटात?”

तिने कपाटातून एक पिवळे हँडबिल काढून त्याच्यापुढे ठेवले. ‘आडगाव येथील बागायती वावर विकणे आहे. संपर्क: हिरामण.’ व्यवस्थित छापलेले. खाली छापखान्याचे नावसुद्धा होते.

“चहा निवतोय,” छायाताई म्हणाली. “पी, मग कर तुझा वावर.”

हे मीच घडवून आणले, असे माझे म्हणणे आहे. कोणाला खोडायचे असेल तर संदर्भासह खोडावे.

रोहितने ते हँडबिल स्वतःच चढवले आणि आम्हाला वेगळे केले. म्हणजे जे घडलेले नाही असे मी म्हटले होते, ते घडले. त्याच संध्याकाळी ॲपला अर्थ कळला, सकाळी सल्लागार आला. तोवर आठांतल्या तीन सऱ्या गेल्या होत्या. सिंधुबाईने ती रोपे उपटून बांधावर टाकली आणि उरलेल्या पाच सऱ्यांची फुले दसऱ्याला नेली. तिने कोणाला दोष दिला नाही. दोष कोणाला द्यायचा, हेच तिला कोणी सांगितले नव्हते.

पुढच्या रविवारी स्वयंसेवकांच्या मेळाव्यात सत्कार झाला. रोहितचा. ‘एक गुंतागुंतीचा वाद पुराव्यासह सोडवल्याबद्दल.’ शाल, श्रीफळ, टाळ्या. टाळ्या हर्षालीनेही वाजवल्या. ती सभ्य आहे. मी नाही.

मित्रांनो, दोन शब्द सारखे दिसले म्हणून त्यांना एक करण्याआधी, ते शब्द ज्यांच्या तोंडात आहेत त्यांना विचारा. विचारायला पगार लागत नाही. तेवढे तुम्ही कराल, अशी माझी खात्री आहे. रोहितबाबत मात्र मी पुढील अर्ज केला आहे.

प्रति,
मा. व्यवस्थापक,
खुला माहितीसाठा (सर्व भाषा)

विषय: एका इसमाचा प्रकार बदलणेबाबत.

महोदय,
उपरोक्त विषयान्वये विनंती की, श्री. रोहित हिरामण, राहणार गंगापूर रोड, यांस ‘मनुष्य’ या प्रकारातून वगळून ‘जमीन, पडीक’ या प्रकारात सर्व भाषांत समाविष्ट करावे. सदर जमिनीवर श्रीमती सिंधुबाई, राहणार मखमलाबाद, यांना तीन सऱ्या झेंडू लावून द्यावा, व तो उलटटपाली फुलवून मिळावा. फुले गेल्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी बाजारात पोहोचलेली असावीत.