खालची अक्षरं

श्रीरामपुरात अक्कल औषधालाही मिळत नाही, असं प्राध्यापक श्रीमंत थेटे यांचं ठाम मत होतं. साखर मिळते, कापूस मिळतो, पण अकलेचं नाव काढू नका. कॉलेजात इंग्रजी शिकवायला ते पुण्याहून आले त्याला सहा वर्षं झाली होती, आणि सहा वर्षांत आपल्या तोडीचा माणूस त्यांना दाढी करताना आरशात तेवढा भेटायचा.

तरी गावाचा उद्धार करायला म्हणून त्यांनी फिल्म सोसायटी काढली. महिन्यातून एकदा, रविवारी सकाळी नऊला, स्टेशनजवळच्या टॉकीजमध्ये परदेशी पिक्चर. संवाद पोलिश, हंगेरियन, नाहीतर जर्मन. खाली इंग्रजी अक्षरं. सभासद त्रेचाळीस. डॉक्टर, वकील, अडते, साखर कारखान्यातले दोन केमिस्ट आणि त्यांच्या नटूनथटून येणाऱ्या बायका.

आता त्या टॉकीजची एक खोड होती. मालक मधूनमधून तमाशाचे फड उतरवायचा, त्यासाठी त्याने पडद्यापुढे लाकडी रंगमंच बांधून घेतला होता. तो अंमळ उंच झाला. त्यामुळे पिक्चरची खालची पट्टी पडद्यावर न पडता रंगमंचाच्या फळ्यांवर पडायची. हिंदी पिक्चरला काही बिघडत नव्हतं, नटांचे पाय तेवढे कापले जायचे. पण इथे अक्षरंच फळ्यांवर जायची, आणि ती पुसट अक्षरं पहिल्या रांगेतून तेवढी वाचता यायची. पहिली रांग म्हणजे पीट. ढेकणांची आणि विड्यांच्या थोटकांची. तिथे डॉक्टरीणबाई कशाला बसतील? पिटात बसून डोळस होण्यापेक्षा बाल्कनीत बसून आंधळं राहणं सगळ्यांना परवडत होतं.

मग थेटे सर स्वतः पहिल्या रांगेत माईक घेऊन बसू लागले. अक्षरं वाचायची आणि मराठीत सांगायची. त्रेचाळीस शहाणी माणसं आपल्या एकट्याच्या तोंडाकडे कान लावून बसतात, याचं त्यांना मनातून फार सुख व्हायचं. चार वाक्यांचं ते एक करायचे. या अडत्यांना एवढं पुरे, असं त्यांना वाटायचं.

बहात्तर सालच्या डिसेंबरात पुण्याहून सोसायट्यांच्या मंडळाचे एक पाहुणे तपासणीला आले. त्यांनी मान्यता दिली तर वर्षाला बारा पिक्चरं नक्की. नाही दिली तर सोसायटी बंद. दुष्काळाने निम्मा जिल्हा खडी फोडायला गेला असताना हे कसले चोचले, असं गाव आधीच बोलत होतं. थेट्यांना गावाची पर्वा नव्हती. पण ही सोसायटी गेली तर या गावात आपण फक्त इंग्रजी व्याकरण शिकवणारा मास्तर उरू, या विचाराने त्यांना तीन रात्री झोप लागली नव्हती.

पिक्चर जर्मन होतं. म्हणून त्यांनी मिशनच्या बंगल्यातल्या जर्मन फादरना खास पास पाठवला होता. फादर गेले होते पुण्याला. त्यांचा पास घेऊन आली त्यांची स्वयंपाकीण बनुबाई, धुवट नऊवारीत, डोक्यावरून पदर घेऊन.

"फादर म्हनले, पास वाया घालवू नको," ती म्हणाली.

थेट्यांनी तिला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं. हिला बाल्कनीत पाहुण्यांशेजारी बसवायचं?

"ए बाई, तू तिकडे पुढं बस, माझ्या रांगेत. आणि तोंड उघडायचं नाही."

"बरं," म्हणून ती पुढे जाऊन बसली.

दिवे गेले. पडद्यावर एक म्हातारी दिसली, तिने दार उघडलं आणि दारातल्या दोन टोपीवाल्यांना काहीतरी सुनावलं. थेट्यांनी फळ्यांकडे पाहिलं. फळ्या कोऱ्या. त्यांनी चष्मा पुसला. टोपीवाले बोलले, फळ्या कोऱ्याच. जर्मन वकिलातीने बिनअक्षरांची प्रत पाठवली होती, आणि थेट्यांना जर्मनचं अक्षरही येत नव्हतं.

उठून एवढं सांगितलं असतं तरी भागलं असतं. पण वर पाहुणे बसले होते. आणि या लोकांना काय कळणार आहे, ही सहा वर्षांची सवय त्यांच्या मदतीला धावून आली. थेट्यांनी घसा खाकरला.

"म्हातारी म्हणते," ते माईकवर म्हणाले, "युद्धानंतर या घरात कोणी हसलेलं नाही."

शेजारी बनुबाई फिस्सकन हसली. थेट्यांनी डोळे वटारले. तिने पदर तोंडात कोंबला.

पुढची वीस मिनिटं त्यांनी अशी काही रंगवली की विचारू नका. टोपीवाले मुलगे झाले, बाप रणांगणावर मेला, भिंतीवरचं घड्याळ हा परमेश्वराचा मूकपणा झाला. वर बाल्कनीत केमिस्ट सुस्कारे सोडू लागले. थेट्यांना स्वतःलाच पिक्चर आवडू लागलं. बनुबाई मात्र पदरात गदगदत होती. पडद्यावर म्हातारीने टेबलावर पाव आपटला आणि काहीतरी बोलली.

"जीवन," थेटे खोल आवाजात म्हणाले, "ही एक रिकामी खोली आहे, मुलांनो."

आता मात्र बनुबाईला राहवेना.

"न्हाई वो सर," ती त्यांच्या कानाशी लागली. "ती म्हनती, गरम हाय तवर पाव खा आन् चालते व्हा. मी लगीन करनार म्हंजी करनार."

माईक चालू होता. ते वाक्य सगळ्या टॉकीजभर घुमलं. बाल्कनीतून हसण्याचा लोंढा खाली आला. या सोसायटीत आजवर कोणी हसलं नव्हतं.

"तुला काय कळतंय?" थेटे खेकसले. तेही घुमलं.

"बंगल्यावर दोन फादर हायती. बावीस वर्सं त्येंचा सैपाक करतीया. दोघं जेवताना ह्याच बोलीत भांडत्यात. न कळायला काय झालं?"

"बाईंना माईक द्या!" वरून पाहुणे ओरडले.

थेट्यांनी माईक दिला. न देऊन करतात काय? बनुबाईने तो लाटण्यासारखा धरला आणि सांगू लागली. म्हातारीला सत्तराव्या वर्षी पाववाल्याशी लग्न करायचं होतं. घर हातचं जाईल म्हणून पुतणे मोडता घालायला आले होते. "ह्यो धाकला लई लबाड हाय बरं का," ती मध्येच बजावायची. माणसं पोट धरून हसली, आणि पाववाला रुसून निघाला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी नाक शिंकरलं. बाईचं नीट ऐकू यावं म्हणून एकेक जण बाल्कनी सोडून खाली आला आणि ढेकणांची पर्वा न करता पिटात बसला. पाहुणेही आले. थेटे त्या गर्दीत अंग चोरून बसले होते.

पिटात बसल्यावर जे दिसायचं ते दिसलंच. धाकटा केमिस्ट फळ्यांकडे बोट दाखवून म्हणाला, "अहो, इथे अक्षरं कुठायत?"

सगळ्यांनी एकदा फळ्यांकडे पाहिलं, एकदा थेट्यांकडे, आणि पुन्हा पिक्चर पाहू लागले.

पिक्चर संपलं. पाहुणे खुशीत होते. "मान्यता दिली असं समजा," ते म्हणाले. "मात्र बाईंना सोडू नका." थेट्यांनी मान डोलावली. जे हवं होतं ते मिळालं होतं, आणि त्यांना मातीत गाडून घ्यावंसं वाटत होतं.

माणसं पांगली. सूर्यभान वकील तेवढे काठी टेकून दाराशी थांबले होते. उन्हाळ्यात त्यांची बायको गेली होती.

"थेटे," ते म्हणाले, "गेल्या वर्षीचं ते सिग्नलवाल्याचं पोलिश पिक्चर. शेवटी तो आजारी बायकोला म्हणतो, तू पुढे हो, मी दिवा मालवून आलोच. आठवतं?"

थेट्यांना आठवणार नाही? त्यांचं सगळ्यात लाडकं पिक्चर होतं ते. त्या एका पिक्चरचा शब्दही त्यांनी गाळला नव्हता.

"आमची ही जाताना मी तेच वाक्य तिला म्हणालो," वकील म्हणाले. "ते तरी त्यात होतं ना?"

"होतं, वकीलसाहेब!" थेट्यांनी त्यांचा हात धरला. "आईशप्पथ होतं. जसंच्या तसं होतं."

सूर्यभान वकिलांनी सदतीस वर्षं कोर्टात शपथा ऐकल्या होत्या. त्यांनी हात हळूच सोडवून घेतला.

"असेल, असेल," ते म्हणाले, आणि थेट्यांकडे न पाहता पायऱ्या उतरून गेले.