स्वप्नात विकलेली होडी

माझा नवरा स्तामातिस ग्रीसमधल्या वोलोसच्या बंदरात आयुष्यभर क्रेन चालवायचा. निवृत्त झाल्यावर तो घरी बसला आणि मी घराबाहेर पडायची कारणं शोधू लागले. तापट तो पहिल्यापासूनच. पण गेल्या हिवाळ्यात त्याचं काहीतरी भलतंच बिनसलं. मसुरीच्या सुपात व्हिनेगर कमी पडलं म्हणून चमचा आपटायचा. दुपारभर कोचावर लोळायचा आणि उठला की आणखी दमलेला दिसायचा. पायाला मुंग्या येतात म्हणून कुरकुर वेगळीच. मधुमेहाची जुनी गोळी तेवढी घ्यायचा, पण डॉक्टरकडे चल म्हटलं की उत्तर ठरलेलं, "मला काय धाड भरलीय?"

अशात माझी नणंद आग्लाया आली. दुसऱ्या बायका ज्या श्रद्धेनं चर्चमध्ये जातात, त्या श्रद्धेनं ही बाई औषधाच्या दुकानात जाते. पर्समधून तिनं एक डबी काढून टेबलावर ठेवली.

"बी व्हिटॅमिन. सगळी एकत्र. नसांना बळ, मनाला उभारी. माझ्या शेजारणीचा नवरा उठताबसता रडायचा, आता बघ, लग्नात नाचतो."

"पण रडत का होता?" मी विचारलं.

"ते कुठे विचारत बसू?"

डॉक्टरचं नाव काढलं की अंगावर येणारा माणूस बहिणीचं मात्र मुकाट्यानं ऐकतो. डबीवर लिहिलं होतं, दिवसाला एक गोळी. स्तामातिसनं रात्रीच्या जेवणावर दोन घ्यायला सुरुवात केली, कारण एक म्हणे किरकोळ माणसांसाठी असते. वर दुपारी पाण्यात फसफसणारी नारिंगी गोळी, तीही बी व्हिटॅमिनचीच.

पहिल्याच आठवड्यात संडासातून आरोळी आली, "इव्हान्थिया! माझं लिव्हर गेलं!"

लघवी पिवळीधमक झाली होती, त्या रस्तादुरुस्तीवाल्यांच्या जाकिटासारखी. मी धावत औषधवाल्याकडे गेले. तो हसला. म्हणाला, त्यातल्या एका व्हिटॅमिनचा रंगच तसा असतो, जास्तीचं असं बाहेर पडतं.

"म्हणजे निम्मं औषध मोरीत चाललंय," मी घरी येऊन सांगितलं.

"निम्मं आत राहतंय ना?" तो म्हणाला, आणि गोळ्या चालूच राहिल्या.

मग सुरू झाली स्वप्नं. या माणसाला अख्ख्या संसारात कधी स्वप्न पडल्याचं मी ऐकलं नव्हतं. आता रात्रभर याची कूस बदलणं, पांघरूण ओढणं, आणि सकाळी मी कॉफीचं भांडं आचेवर ठेवलं की फेस वर यायच्या आत स्वप्न सुरू. साधीसुधी नव्हेत, रंगांसकट, वासांसकट.

"तू मला मिठाच्या पोत्यात भरलंस."

"मी?"

"आणि हसत होतीस."

"स्तामातिस, ते स्वप्न होतं."

"होतं ना. पण हसायची काय गरज होती?"

आणि दुपारपर्यंत माझ्याशी अबोला! मी न केलेल्या गुन्ह्यांची शिक्षा भोगत होते. कधी त्याच्या मेलेल्या काकाला मी जेवायला वाढलं नव्हतं, कधी शेजारच्या लोहाराबरोबर पळून गेले होते. त्या लोहाराला धड चालवत नाही, पळणार कुठला?

मी गोळ्या लपवल्या. त्यानं नव्या आणल्या. आग्लायाला फोन केला तर ती म्हणते, "स्वप्नं पडतायत म्हणजे मेंदू जागा होतोय. आता मध्येच सोडू नकोस."

हे सगळं मी सहन केलं असतं. पण एका सकाळी कॉफी न घेताच तो टोपी घालून निघाला.

"कुठे?"

"झिसिसला बघतोच आता. होडी विकली त्यानं. अथेन्सच्या एका दातवाल्याला."

झिसिस त्याचा लहानपणापासूनचा दोस्त. दोघांच्या मालकीची एक छोटी होडी आहे, उन्हाळ्यात दोघं तीत बसून मासे कमी आणि गप्पा जास्त धरतात.

"कोणी सांगितलं तुला?" मी विचारलं.

"मी बघितलं. रात्री."

मी कपाळावर हात मारला आणि त्याच्या मागे धावले. झिसिस धक्क्याजवळच्या त्याच्या नेहमीच्या कॉफीच्या दुकानात बसला होता. स्तामातिसनं दारातूनच तोफ डागली.

"विकलीस ना? माझ्या पाठीमागे? लाज नाही वाटली?"

मी हातवारे करून झिसिसला सांगत होते, लक्ष देऊ नकोस, स्वप्न आहे, गोळ्या आहेत. पण झिसिसचा चेहरा पांढराफटक पडला.

"तुला कोणी सांगितलं?" तो म्हणाला.

स्तामातिस त्याच्या टेबलाशी जाऊन उभा राहिला.

"अरे, विकली नाहीये अजून," झिसिस चाचरत म्हणाला. "पलीकडच्या आग्रिया गावातल्या एकाला नुसतं विचारलं होतं. माझी पाठ गेलीय, स्तामातिस. दोरी ओढवत नाही."

"मग मला का नाही बोललास?"

"तुझ्याशी बोलायची सोय राहिलीय का? सगळा हिवाळा नमस्कार केला तरी खेकसतोस. त्यापेक्षा दातवाल्याशी बोललेलं बरं."

"दातवाला आहे?" स्तामातिस ओरडला.

"नाही रे बाबा! तू म्हणालास म्हणून म्हणालो!"

मला हसू येत होतं आणि दोघांच्या डोक्यात खुर्ची घालावीशीही वाटत होती. स्तामातिस मात्र एकदम खाली बसला. खेकसतोस, हे मी रोज म्हणायचे. ते त्याला ऐकूच यायचं नाही. झिसिसनं एकदा म्हटलं आणि ते लागलं. घरी येताना वाटेत त्यानं विचारलं, "मी खरंच तसा वागतो?"

"दोन्ही डब्या खिशात घाल आणि डॉक्टरकडे चल," मी म्हणाले. तो आला.

आमच्या डॉक्टरीण पोलिक्सेनीबाई. त्यांनी डब्यांवरची बारीक अक्षरं वाचली, पाय तपासले आणि चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं.

"साखरेची गोळी किती वर्षं घेताय? त्या गोळीनं काही जणांचं बी बारा कमी होतं. थकवा, चिडचिड, मुंग्या, सुरुवात त्यातूनही झाली असेल. वेळेवर आला असतात तर तपासून नेमकं कळलं असतं."

"म्हणजे बहिणीचं बरोबर होतं!"

"एक अष्टमांश. आठ बी व्हिटॅमिनांपैकी एकापुरतं. या दोन्हींत मिळून बी सहा गरजेच्या कितीतरी पट आहे. ते फार झालं की पायाच्या नसा उलट बिघडतात. झोप आणि स्वप्नं त्यानंच बिघडली असं छातीठोक सांगणार नाही, पण काही जणांना होतं तसं. दोन्ही बंद. रक्त तपासू, आणि लागलं तर नुसतं बी बारा, सकाळी."

गोळ्या बंद झाल्या आणि हळूहळू स्वप्नं विरळ झाली, मग थांबली. मुंग्या जायला मात्र उन्हाळा उजाडला. बी बारा चालू केल्यावर दुपारचं लोळणं कमी झालं. चमचा आपटणं पूर्ण थांबलं नाही. मी पोलिक्सेनीबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, उरलेला तो स्वभाव, त्याला गोळी नाही.

झिसिसची माफी त्यानं मागितली, म्हणजे एक टोपलीभर शिंपले त्याच्या दारात ठेवून बेल वाजवून पळून आला. या वयात! झिसिस संध्याकाळी तेच शिंपले शिजवून आमच्याकडे घेऊन आला. होडी त्यांनी झिसिसच्या जावयाला दिली, या अटीवर की रविवारी या दोघांना फिरवायचं आणि दोरीला हात लावू द्यायचा नाही. जावई भला माणूस आहे. मागच्या रविवारी मला हळूच म्हणाला, "मावशी, दोघं मिळून मला होडी शिकवतात. काही देता येईल का हो त्यांना, झोप लागेल असं?"